आधी कपाटाचं कुलूप काढा

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गाचं. मी, एक लिपिक आणि अर्धवेळ शिपाई, एवढाच कारभार. गेल्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदाच मुलांसाठी दहा दिवसांचं ‘उन्हाळी वाचन संस्कार शिबिर’ घेतलं. पहिल्या दिवशी ६२ मुलं होती. शेवटच्या दिवशी ११ उरली, त्यातली दोन आमच्या लिपिकाचीच. उद्घाटन, पाहुण्यांचं व्याख्यान, हस्ताक्षर, वक्तृत्व, ओरिगामी, पाठांतर, प्रश्नमंजूषा असं भरगच्च वेळापत्रक होतं. सहाव्या दिवशी एक तास वाचनाचा ठेवला होता. पुस्तकं हरवू नयेत म्हणून ती तिथंच वाचायला देऊन उठताना परत घेत होतो.

यंदा कार्यवाह म्हणतात, स्पर्धा ठेवा. जो सर्वांत जास्त पुस्तकं वाचेल त्याला एक देणगीदार सायकल द्यायला तयार आहेत. पालक विचारतात, प्रमाणपत्र मिळेल का आणि मोबाइल सुटेल का. आठवी ते दहावीची मुलं फिरकतच नाहीत. येतात ती अभ्यासिकेत, गाइड घेऊन बसतात आणि जातात. खर्चाला पाच हजार रुपये मंजूर झालेत.

एक मुलगा मात्र दहाही दिवस आला. पाचवीची परीक्षा दिलेला. रोज काचेच्या कपाटापुढे उभा राहून पाणबुडीचं चित्र असलेलं एक पुस्तक बघायचा. त्या कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे असते आणि ते तेव्हा लेकीकडे नागपूरला गेले होते. पुस्तक त्याला देता आलं नाही, ती चुटपुट अजून आहे. यंदा काय करू?

— एक ग्रंथपाल

प्रिय ग्रंथपाल,

६२ची ११ झाली म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावून घेताय. थोडा बोल मे महिन्यालाही लावा. या दिवसांत आपल्याकडची मुलं एका गावात असतात तरी कुठे? निम्मी मामाकडे, उरलेली लग्नांत. दहा दिवस सलग या, अशी अट मेमध्ये फक्त शिकवणीवाल्यांना घालता येते, कारण त्यांनी फी आधीच घेतलेली असते.

पण माझं लक्ष अडलं ते तुमच्या वेळापत्रकावर. दहा दिवसांत पुस्तकाच्या वाट्याला आला एक तास, आणि त्या तासात दिलेली पुस्तकंही उठताना काढून घेतली. म्हणजे ६२ मुलं वाचनालयात आली आणि घरी जाताना एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. ओरिगामीशी माझं वैर नाही, मला स्वतःला कागदाचा बगळा छान येतो. पण ओरिगामी शाळेच्या सभागृहात होते, मंगल कार्यालयात होते, कुणाच्या ओसरीवरही होते. गावात फक्त तुमच्याकडे आहे अशी एकच गोष्ट आहे: घरी न्यायला मिळणारी कपाटभर पुस्तकं. नेमकी तीच कुलपात राहिली.

तेव्हा शिबिर हा शब्दच यंदा सोडून द्या, आणि ‘संस्कार’ही. शिबिराला सुरुवात असते, समारोप असतो, हजेरीपट असतो. एखादा दिवस चुकला की मूल मागे पडतं आणि मग येतच नाही. त्यापेक्षा १ मे ते ३० जून असं दोन महिन्यांचं साधं ‘उन्हाळी कार्ड’ काढा. तुमच्याकडे विदर्भात शाळा उघडते ती उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस, म्हणजे तुमच्या हाताशी दिवस जास्त आहेत. मूल आठवड्यातून एकदा आलं तरी चालेल, मध्ये पंधरा दिवस मामाकडे गेलं तरी चालेल. कार्ड आणि दोन पुस्तकं पिशवीत घालून गेलं तर उत्तमच. उलट पुण्या-सुरतेहून तुमच्या गावी आजोळी आलेली मुलंही असतात. दुपारभर आजीला ‘कंटाळा आला’ म्हणून भंडावणारी हीच. त्यांनाही कार्ड द्या, सही आजोबांची घ्या.

आता अनामतीचं. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण सभासद व्हायला मुलांना अनामत आणि वर्गणी भरावी लागत असणार. तीन भावंडांच्या घरात ती रक्कम तिप्पट होते आणि आई म्हणते, पुढच्या महिन्यात बघू. हे पाऊल सगळ्यांत अवघड आहे, म्हणून आधी उचला. कार्यकारी मंडळाच्या एप्रिलच्या सभेत एक ठराव घ्या: ‘उन्हाळी कार्डावर पहिली ते दहावीच्या मुलांना अनामत व वर्गणी न घेता, पालकांच्या सहीवर, एका वेळी दोन पुस्तकं घरी द्यावीत, उशीर झाल्यास दंड आकारू नये, पुस्तक हरवल्यास वा फाटल्यास त्याची जबाबदारी ग्रंथपालावर टाकू नये.’

शेवटचं वाक्य गाळू देऊ नका. कपाटाला कुलूप का लागतं ते मला पुरतं ठाऊक आहे. तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीतलं एखादं पुस्तक कपाटात सापडलं नाही की सगळ्यांच्या माना ग्रंथपालाकडे वळतात. मीही एकदा माझ्या पगारातून ऐंशी रुपये भरले होते आणि पुढची दोन वर्षं मुलांना नवं पुस्तक हातात देताना माझाच हात आखडायचा. माणूस भित्रा नसतो, त्याच्या डोक्यावरची नोंदवही त्याला भित्रा करते. म्हणून भीती ठरावानं काढायची, धाडसानं नाही.

सभेत कुणी कुरकुर केली तर शियाळी रामामृत रंगनाथन यांचं नाव घ्या. १२ ऑगस्टला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतोच. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा. हे इतकं उघड वाक्य पहिला नियम म्हणून का सांगावं लागलं, तर मध्ययुगातल्या युरोपात पुस्तकं फळीला साखळीनं बांधून ठेवायचे. साखळी गेली, काच आणि कुलूप आलं. दंडाबद्दल कुणी विचारलं तर शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं सांगा. त्यांनी २०१९ च्या ऑक्टोबरात उशिराचा दंड बंदच केला. भीतीपोटी घराघरांत अडकून पडलेली पुस्तकं त्यानंतर परत येऊ लागली. तुमच्या गावातही माळ्यावर वाचनालयाची पाच-पंचवीस पुस्तकं असतील बघा. माणसं दंडाला घाबरून वाचनालयाचा रस्ताच टाळतात.

एक पळवाटही सांगते. मासिकांचे जुने अंक तुम्ही रद्दीत काढत असाल. यंदा मुलांचे अंक रद्दीत देऊ नका. ते एका टोपलीत ठेवा आणि कुठंही नोंद न करता मुलांना नेऊ द्या. आला परत तर आला. ज्या घरात आजवर छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीचा आला, तिथं अंक राहिला तर तो हरवला असं मी म्हणणार नाही.

स्पर्धेबद्दल मात्र मी कडक आहे, कारण हा शहाणपणा मी फटका खाऊन मिळवलाय. मी बालविभाग सांभाळायला लागले त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात ‘सर्वाधिक वाचन’ अशी स्पर्धा ठेवली. फळ्यावर रोज आकडे लिहायची. तिसरीतली एक चुणचुणीत मुलगी रोज चार पुस्तकं परत आणायची. एकदा मी सहज विचारलं, “काय गं, गोष्ट काय होती?” ती म्हणाली, “बाई, पुस्तकाचं नाव सांगू का पानं सांगू?” वहीत मी तेवढंच लिहायला लावत होते, तेवढंच तिनं पाठ केलं होतं. त्याच वेळी सातवीतला एक मुलगा एकच जाडजूड पुस्तक बारा दिवस वाचत होता. फळ्यावर त्याच्या नावापुढे रोज ‘१’. तेराव्या दिवशी त्यानं ते पुस्तक शेवटची पन्नास पानं न वाचता परत केलं आणि बारीकसं काहीतरी मागितलं. तेही त्यानं परत आणलं नाही, धाकट्या भावाकडून पाठवलं. बक्षीस त्या मुलीला मिळालं, दप्तर होतं. दिवाळीपर्यंत दोघांपैकी एकही वाचनालयात दिसत नव्हतं. त्या उन्हाळ्यात खराखुरा वाचणारा एकच होता आणि त्याला मी फळ्यावर शेवटचा नंबर दिला होता.

मी केलेली चूक किती जुनी आहे हे मला पुढे कळलं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, तुम्हाला सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र देऊ. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा टेबलावर ठेवली, कुणी काही कबूल केलं नव्हतं. ज्यांना आधी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं होतं ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अचानक मिळालं, त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. खेळ होता त्याचं काम झालं होतं, आणि मजुरी थांबल्यावर काम कोण करतं?

म्हणून पालकांना सांगा, प्रमाणपत्र मिळेल का ते ठाऊक नाही. आणि जूनअखेर, आधी न सांगता, कार्ड आणणाऱ्या प्रत्येक मुलाला सारखंच काहीतरी द्या. एक पेन्सिल, एक जुना अंक, वाचनालयाचा शिक्का मारलेली खूणपट्टी. मुलांना शिक्का फार आवडतो, स्वतः मारायला दिला तर आणखी. ब्रिटनमधली सार्वजनिक ग्रंथालयं १९९९ पासून दर उन्हाळ्यात मुलांसाठी एक वाचन-उपक्रम चालवतात. त्यात पहिला नंबर नसतो. सुट्टीत सहा पुस्तकं, ती मुलानं स्वतः निवडलेली, आणि सगळी झाली की प्रत्येकाला तेच पदक. मला त्यातलं ‘स्वतः निवडलेली’ सगळ्यांत मोलाचं वाटतं. सहा हा आकडा मात्र मी आपल्याकडे घेणार नाही. पाचवीत जाऊनही जोडाक्षरापाशी थांबणारी मुलं तुमच्याकडे येणार आहेत, त्यांना सहाचा डोंगर दिसेल. तिकडे अमेरिकेतही अनेक ग्रंथालयं आता पुस्तकांऐवजी मिनिटं किंवा दिवस मोजतात. तुम्ही दिवस मोजा. कार्डावर तीस घरं छापा. ज्या दिवशी पंधरा मिनिटं वाचलं, त्या दिवशी एक घर रंगवायचं. धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं, रंगव. आजीनं गोष्ट सांगितली, रंगव. चित्रकथा, विनोदाचं पान, क्रिकेटच्या बातम्या, सगळं चालेल. खोटं रंगवलं तर? रंगवू दे. पोलीस व्हायला आपल्याला पगार मिळत नाही, आणि ग्रंथपाल व्हायला मिळतो तोही वेळेवर नाही.

सायकल मात्र सोडू नका! देणगीदाराला नमस्कार सांगा आणि ती वाचनालयाच्या नावानं घ्या. तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

वेळ. तुमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दुपारचं काहीही ठेवू नका. सकाळी साडेसात ते साडेनऊ, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मोठ्यानं वाचून दाखवायचं ते सकाळीच, कारण दुपार-संध्याकाळी कूलर लागतो आणि कूलरपुढे कुणाचाही आवाज पोहोचत नाही. मी एक अख्खा आठवडा ओरडून गोष्टी वाचल्या आणि घसा बसल्यावर ही अक्कल आली. दाराशी पाण्याचा माठ ठेवा, त्यात वाळा टाका. काही मुलं पाणी प्यायलाच येतील. येऊ द्या.

वाचून दाखवणं रोज वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. अभिनय करायची गरज नाही, फक्त आधी एकदा घरी वाचून जा. आणि गोष्ट रंगात आली की थांबा. नाठाळपणा वाटेल, पण पुस्तक बंद करून टेबलावर ठेवा आणि म्हणा, उरलेली ज्याला हवी त्यानं घरी न्या. म्हणूनच वाचायच्या पुस्तकाच्या एकापेक्षा जास्त प्रती हव्यात. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. ‘यावरून आपण काय शिकलो’ हा प्रश्न ऐकला की मुलांच्या चेहऱ्यावर शाळा उतरते. कधी एखाद्या आजोबांना बोलावून वऱ्हाडीत गोष्ट सांगायला लावा. पुस्तकातली मराठी आणि ओट्यावरची मराठी यांच्यातलं अंतर ज्या मुलांना सगळ्यांत जास्त जाचतं, ती त्या दिवशी पुढे येऊन बसतील. बंजारा तांड्यावरची, कोलाम पोडावरची मुलं येत असतील तर त्यांच्या भाषेतली गोष्टही त्यांच्याच घरच्या कुणाकडून ऐका, मग दुसरं कुणीतरी ती मराठीत सांगेल.

जी मुलं अडखळतात त्यांना वेगळं बसवू नका आणि पहिलीची पुस्तकंही देऊ नका. त्यांना लहानग्यांना वाचून दाखवायचं काम द्या. बारा वर्षांचा मुलगा स्वतःसाठी चार ओळींचं चित्रपुस्तक कधीच हातात घेणार नाही, पण बालवाडीतल्या पोराला वाचून दाखवायचं म्हटलं की आधी दोनदा गुपचूप वाचून येतो.

पुस्तकं कुठून? थोडी तुमच्याकडे आहेतच, कपाटात. ती बाहेर काढा आणि कणा दिसेल अशी नाही, मुखपृष्ठ दिसेल अशी लावा. भिंतीला सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रपुस्तकं टांगा, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा आहेत, खुल्या परवान्याच्या, म्हणजे छापून वाटल्या तरी कुणी हरकत घेणार नाही. विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आधी बघा. सवलतीत मिळतात म्हणून शंभर बोधकथांचे गठ्ठे मात्र आणू नका. ते कुणी वाचत नाही आणि पुढे निर्लेखनाच्या, म्हणजे बाद पुस्तकांच्या, यादीत त्यांची नावं लिहिता लिहिता हात दुखतो.

पाच हजारांचा हिशोब माझ्या मते असा: फ्लेक्सला शून्य. हार, शाल, श्रीफळाला शून्य. तीन-साडेतीन हजार पुस्तकांना, त्यातले दोन हजार मी आत्ताच बाजूला काढतेय, कशासाठी ते बघाल. बाकी कार्डांची छपाई, चिमटे, सुतळी, रंगीत खडू, माठ. शाळांच्या निकालाच्या दिवशी कार्डं वर्गातच वाटायला मुख्याध्यापकांना विनंती करा. त्यानंतर मुलं हाताला लागत नाहीत. पुढच्या वर्षासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे बालविभागासाठी साहाय्याची योजना असते, त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आत्ताच करून ठेवा. या मेसाठी तिचा उपयोग नाही.

उद्घाटन करावंच लागेल, मला माहीत आहे. अध्यक्षांना दुखवून गावात वाचनालय चालत नाही. मग त्यांना भाषणाऐवजी एक गोष्ट वाचून दाखवायला सांगा. पुस्तक दोन दिवस आधी घरी पोचवा. आमचे अध्यक्ष पहिल्यांदा फार अवघडले, पण वाघाचा आवाज काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी असा काढला की मागच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारलं, यंदा कुठली गोष्ट आहे.

आता मोठी मुलं. इथं तुमच्या पत्रात मला एक गोष्ट हुकलेली दिसते. तुम्ही म्हणता ती फिरकत नाहीत, आणि पुढच्याच ओळीत म्हणता अभ्यासिकेत येतात. म्हणजे ती तुमच्या इमारतीत आहेत! त्यांच्या टेबलापासून कपाट वीस पावलांवर असेल. ती वीस पावलं ती का चालत नाहीत? एक तर ‘बालविभाग’ या पाटीखाली उभं राहायला चौदा वर्षांचा मुलगा तयार नसतो. दुसरं, मोठ्यांच्या विभागात गेला तर लिपिक विचारतो, इकडे काय काम? मधल्या वयाला आपल्याकडे कपाटच नाही. एक रिकामं करा, पाटी लावू नका, अभ्यासिकेच्या दाराशीच ठेवा. त्यात रहस्यकथा, भयकथा, खेळाडूंची चरित्रं, अंतराळ, शोध, प्रवास, विनोद, थोड्या कविता. वयात येण्याबद्दलची, शरीराबद्दलची एक-दोन चांगली पुस्तकंही हवीत, आणि ती अशा जागी की मुलीला कुणाला न विचारता उचलता येतील. त्या कपाटापाशी एक वही बांधून ठेवा, पुस्तक नेणाऱ्यानं स्वतःच नोंद करायची. तुमच्यासमोर येऊन पुस्तकाचं नाव उच्चारावं लागलं तर काही पुस्तकं कधीच जाणार नाहीत. भयकथांवर कार्यवाह नाराज होतील. त्यांना विचारा, तुम्ही चौदाव्या वर्षी काय लपवून वाचत होता?

दहावीचं तर विसरूच नका. परीक्षा मार्चमध्ये संपते, कॉलेज थेट पावसाळ्यात. पहिली ते बारावीच्या प्रवासात एवढी मोठी, गृहपाठ नसलेली सुट्टी दुसरी नाही, आणि त्या सुट्टीत त्यांच्यासाठी गावात काहीच नसतं. त्यांना कार्यक्रमाला बोलावू नका, कामाला बोलावा. त्या दोन हजार रुपयांचं काम हे. चार-पाच जणांची तुकडी करा, दोन मुली हव्याच, आणि त्यांना पुस्तकांच्या दुकानात किंवा प्रदर्शनाला पाठवा. तुमच्या वयाच्या मुलांसाठी दोन हजारांची पुस्तकं निवडा. यादी ग्रंथ निवड समितीपुढे जाईल, पण समितीला आधीच बजावून ठेवा की नाकारायचं तर कारण त्या मुलांना तोंडावर सांगावं लागेल. बघा किती कमी नाकारतात. निवडलेल्या प्रत्येक पुस्तकात तुकडीनं एक चिठ्ठी घालायची, दोन ओळींची, खरी. ‘पहिली वीस पानं बोअर आहेत, मग सुटत नाही.’ ‘शेवट आवडला नाही, पण वाच.’ असल्या एका चिठ्ठीवर जेवढी पुस्तकं जातात, तेवढी माझ्या शिफारशीवर कधी गेली नाहीत, हे मी थोड्या मत्सरानंच लिहितेय.

आणि ती सायकल. कॅरिअरला एक पेटी बांधा, पंचवीस-तीस पुस्तकं आणि जुने अंक मावतील अशी. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, या तुकडीतले दोघं एका वस्तीवर जातील, आठवड्यातून तीन वस्त्या. अमेरिकेत बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की गरीब आणि बऱ्या घरच्या मुलांमधलं अंतर शाळा चालू असतानापेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त वाढतं; सुट्टीतल्या वाचनाचा त्याच्याशी संबंध आहे; आणि मूल किती वाचणार हे ग्रंथालय घरापासून किती दूर आहे यावरही ठरतं. बसस्टँडपलीकडच्या वस्तीतलं मूल मुख्य रस्ता ओलांडून तुमच्यापर्यंत येणार नाही. पेटी जाईल. मुलींना संध्याकाळी घराबाहेर पाठवत नसतील तर त्यांच्यासाठी ही सकाळची फेरी सोयीची आहे. दोघी-दोघींनी जाऊ द्या, आणि घरच्यांशी एकदा तुम्ही स्वतः बोला.

मोबाइल सुटेल असं कुणालाही कबूल करू नका. तो आपला धंदा नाही. मोबाइल घेऊन आलेल्या मुलालाही पुस्तक द्या आणि मोबाइलबद्दल एक अक्षर बोलू नका.

शेवटी मंडळाला अहवाल लागेलच. पहिल्या दिवसाच्या गर्दीचा फोटो त्यात घाला, घालावाच लागतो. पण तुमच्यासाठी एक आकडा वेगळा काढून ठेवा: उन्हाळी कार्डावरची किती मुलं जुलैच्या अखेरीस देवघेवीच्या नोंदीत अजून दिसतात. पाऊस सुरू झालेला, शाळा सुरू झालेली, बक्षीस काही नाही, तरी आली. गेल्या वर्षी हा आकडा शून्य असणार, कारण पुस्तक घरी गेलंच नव्हतं. यंदा आठ झाला तरी मला पत्र लिहा.

तो पाणबुडीवाला मुलगा आता सहावीत असेल. कार्डं छापून यायची वाट बघू नका, शाळेत निरोप पाठवून त्याला आधी बोलावून घ्या. कार्यवाह यंदाही मेमध्ये नागपूरला जाणार असतील, तर त्याआधी त्या कपाटाची दुसरी किल्ली करून घ्या. त्याचे जे काय थोडे पैसे होतील, ते पाच हजारांतच धरा.

तुमची,
ताई